५०० गुणिले १०० : एकाच फाइलमध्ये तीन हिशेब

हिशेबनीस | मंगळवार, रात्री ९:४०

पिग्मी म्हणजे काय हे इथे बहुतेकांना माहीत असेल. पतसंस्थेचा एजंट रोज संध्याकाळी बाजारपेठेतून फिरतो, टपरीवाल्यापासून सराफापर्यंत प्रत्येकाकडून पन्नास-शंभर-दोनशे रुपये गोळा करतो आणि हातातल्या यंत्रातून पावती काढून देतो. त्या यंत्रातला प्रोग्राम गेली अकरा वर्षं मी सांभाळतोय. यंत्र जुनं, आत १६ बिटांचा मायक्रोकंट्रोलर, प्रोग्राम सी भाषेत. कंपायलर (सी चा कोड चिपच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) त्या चिपसाठी विकत घेतलेला. कंपनीचं नाव इथे देत नाही, त्यांच्याशी पत्रव्यवहार चालू आहे.

गेल्या महिन्यात एका पतसंस्थेने एका खात्याची रोजची कमाल पिग्मी ३०० रुपयांवरून ५०० वर नेली. यंत्र सगळा हिशेब पैशांत ठेवतं, म्हणून कोडमध्ये एवढीच ओळ होती:

#डिफाइन कमाल (३०० * १००)

३०० चे ५०० केले. बिल्ड केलं. एकही वॉर्निंग नाही. माझ्या बिल्डमध्ये वॉर्निंग राहूच देत नाही मी, त्यामुळे आली असती तर दिसली असती. पुढच्या गुरुवारी आठवडी बाजार. साडेसहाला एजंटचा फोन: "साहेब, मशीन कुणाचीच पिग्मी घेईना. वीस रुपये टाकले तरी मर्यादेबाहेर म्हणतंय." त्या माणसाने त्या संध्याकाळी सगळ्या पावत्या हाताने लिहिल्या. साठीच्या पुढचे आहेत ते, गाडीच्या दिव्याच्या उजेडात लिहीत होते. ते ऐकल्यावर मला रात्री झोप आली नाही.

रात्री यंत्र जोडून बसलो. पावतीच्या फंक्शनमध्ये ही ओळ होती:

लाँग मर्यादा = कमाल;

आणि फाइलच्या वर, दिवसअखेरच्या अहवालासाठी, ग्लोबल (फंक्शनच्या बाहेरचं) व्हेरिएबल:

स्टॅटिक कॉन्स्ट लाँग अहवाल_मर्यादा = कमाल;

दोन्हीकडे तीच कमाल, तेच ५०० * १००. अहवाल बरोबर येत होता, पावती चुकत होती. कंपायलरची लिस्टिंग काढून दोन्हीचे चार-चार बाइट शेजारी ठेवले:

ग्लोबल: ०० ०० सी३ ५०
फंक्शनमधलं: एफएफ एफएफ सी३ ५०

हेक्समध्ये (सोळाच्या पटीत) सी३५० म्हणजे ५०,०००. या यंत्रावर इंट (पूर्णांकाचा साधा प्रकार, लाँग त्याहून मोठा) १६ बिटांचा, त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. ३०० * १०० म्हणजे ३०,०००, ते मावत होतं, म्हणून इतकी वर्षं कुणाला काही कळलं नाही. ५०,००० मावत नाही. फंक्शनमध्ये वरचा बिट चिन्हाचा धरला गेला, लाँगमध्ये जाताना पुढचे दोन बाइट एफएफने भरले आणि मर्यादा झाली उणे १५,५३६. मग वीस रुपये काय आणि वीस पैसे काय, सगळंच मर्यादेबाहेर.

आता तिसरा हिशेब. मी पूर्वीच एक राखणदार बसवला होता:

#इफ कमाल <= ०
#एरर मर्यादा चुकली
#एन्डइफ

तोही गप्प राहिला, कारण प्रीप्रोसेसर (कंपाइल होण्याआधी # च्या ओळी सोडवणारा भाग) इंटमध्ये हिशेब करतच नाही. जुन्या सी मध्ये तो लाँगमध्ये करतो, सी९९ (१९९९ ची आवृत्ती) पासून सगळ्यात मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात. त्याच्या लेखी ५०० * १०० म्हणजे सरळ ५०,०००.

तर एका फाइलमध्ये एकाच पदावलीचे तीन हिशेब: प्रीप्रोसेसरमध्ये ५०,०००, ग्लोबलमध्ये ५०,०००, फंक्शनमध्ये उणे १५,५३६. मी म्हणतो हा कंपायलरचा बग आहे. कंपनीचं उत्तर आलंय की साइन्ड ओव्हरफ्लो (चिन्हाच्या प्रकारात संख्या न मावणं) अनडिफाइन्ड आहे, म्हणजे तेव्हा काय व्हावं हे भाषेचे नियम सांगत नाहीत, चूक तुमची. जाणकारांनी मत द्यावं.

उरलेला_बिट | मंगळवार, रात्री १०:२५

कंपनी बरोबर बोलतेय. साइन्ड ओव्हरफ्लो झाला की स्टँडर्ड (सी ची अधिकृत नियमावली) हात वर करतं, कंपायलरला काहीही करायची मोकळीक असते. एका जागी ५०,००० आणि दुसरीकडे उणे, दोन्ही चालतं. ५०० च्या मागे एल लावा, म्हणजे गुणाकार लाँगमध्ये होईल. एजंटकाकांना त्रास झाला हे वाईटच, पण कंपायलरवर ढकलू नका.

हिशेबनीस | मंगळवार, रात्री ११:१०

एल त्याच रात्री लावला, दुसऱ्या दिवशी यंत्रं चालू झाली. चूक माझीही आहे, ती मी कबूल करतो. पण "काहीही चालतं" हे सगळीकडे लागू नाही, माझा सगळा मुद्दा तिथेच आहे.

फंक्शनमधल्या ओळीपुरतं तुमचं म्हणणं मान्य. तिथे कॉन्स्टंट (कंपाइल करतानाच ठरलेली किंमत) असलाच पाहिजे अशी अट नाही, त्यामुळे ती साधी पदावली, ओव्हरफ्लो झाला तर अनडिफाइन्ड. ग्लोबलचं तसं नाही. स्टॅटिक आयुष्याच्या, म्हणजे प्रोग्राम संपेपर्यंत टिकणाऱ्या, व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत देताना कॉन्स्टंट एक्स्प्रेशनच लागतं, आणि कॉन्स्टंट एक्स्प्रेशनबद्दल स्टँडर्डमध्ये वेगळी अट आहे: त्याची किंमत त्याच्या प्रकारात मावलीच पाहिजे. ही नुसती सूचना नाही, कन्स्ट्रेंट (बंधनकारक नियम) आहे. कन्स्ट्रेंट मोडला की कंपायलरने निदान एक ओळ तरी छापली पाहिजे. वॉर्निंग द्या, एरर द्या, पण गप्प बसायची मुभा नाही.

५०० इंट, १०० इंट, म्हणून गुणाकारही इंट. डावीकडे लाँग आहे याने उजवीकडचा हिशेब बदलत नाही. इंट १६ बिटांचा, ५०,००० त्यात मावत नाही. ओळ छापायलाच हवी होती आणि छापली नाही.

म्हणजे बघा, ज्या जागी उत्तर बरोबर दिसतं तिथे कंपायलर नियमाने चुकलाय, आणि ज्या जागी उत्तर चुकलं तिथे तो नियमात आहे. ग्लोबलवर त्याने एक वॉर्निंग दिली असती तर मी ती ओळ त्याच दिवशी दुरुस्त केली असती, आणि पावतीचं फंक्शनही आपोआप वाचलं असतं.

गणिताच्या_बाई | बुधवार, सकाळी ७:०५

मी निवृत्त शिक्षिका, संगणकातलं फार कळत नाही. पण भाचीला शिकवताना टर्बो सी वर २०० * ३०० केलं होतं आणि उत्तर आलं उणे ५,५३६. ती रडकुंडीला आली होती. तेव्हा सरांनी "मोठी संख्या आहे" एवढंच सांगितलं. मग मी मुद्दाम १,००,००० ही संख्याच लिहून पाहायला लावली, तर तिथे वेगळाच आकडा आला, उणे ३१,०७२. एक लाख लिहिलं तर काय होतं आणि गुणाकाराने आणलं तर काय होतं, यात फरक आहे का? कुणी समजावून सांगेल का?

दूरदेशी | बुधवार, सकाळी ११:५०

बाई, प्रश्न अगदी नेमका आहे. फरक आहे, आणि हिशेबनीसांच्या बगचं मूळही तिथेच आहे.

सी मध्ये लिहिलेली संख्या स्वतःचा प्रकार स्वतः ठरवते. टर्बो सी मध्ये इंट १६ बिटांचा होता. १,००,००० लिहिलं की ते इंटमध्ये मावत नाही, म्हणून कंपायलर त्याला आपसूक लाँग करतो. ती संख्या आत सुखरूप असते. भाचीने छापताना इंटचा साचा वापरला असणार, म्हणून फक्त खालचे १६ बिट छापले गेले आणि उणे ३१,०७२ दिसलं. ती चूक छपाईची. २०० * ३०० मध्ये मात्र २०० इंटमध्ये मावतं, ३०० ही मावतं, दोघं इंटच राहतात आणि गुणाकारही इंटच. ६०,००० मधून ६५,५३६ वजा केले की उणे ५,५३६. लिहिलेली संख्या गरजेप्रमाणे मोठी होते, गुणाकार होत नाही. हा नियम एकदा अंगवळणी पडला की अर्ध्या भानगडी दिसायला लागतात.

याच नियमाची दुसरी बाजू पाहा. ३२ बिटांच्या इंटची सगळ्यात लहान किंमत उणे २,१४,७४,८३,६४८. आपल्या भाषेत दोनशे चौदा कोटींच्या वर. लिमिट्सच्या हेडर फाइलमध्ये ती तशी सरळ लिहिलेली नसते, (-२१४७४८३६४७ - १) अशी असते. कारण उणे हे चिन्ह संख्येचा भाग नाही, तो वेगळा ऑपरेटर आहे. आधी २१४७४८३६४८ वाचलं जातं, ते इंटमध्ये मावत नाही. जिथे लाँगही ३२ बिटांचा असेल तिथे जुन्या सी९० च्या नियमाने ते अनसाइन्ड (ऋण किंमत नसलेला) लाँग होतं, आणि त्याला उणे लावलं तरी धनच राहतं. तिथे -२१४७४८३६४८ < ० याचं उत्तर "खोटं" येतं. सी९९ मध्ये तीच संख्या लाँग लाँग होते आणि उत्तर "खरं". स्टँडर्डची आवृत्ती बदलली की कंपायलरला त्याच ओळीचं उत्तर बदलावं लागतं. जे कंपायलर दोन्ही आवृत्त्या सांभाळतात त्यांच्यात या जागी चुका होणं किती सोपं आहे ते लक्षात येईल.

आता मूळ बग. मी कंपायलरच्या टीममध्ये काम करतो, हा प्रकार आतून पाहिलाय. कंपायलर स्वतः एक प्रोग्राम आहे. तो चालतो तुमच्या लॅपटॉपवर, इंट ३२ बिटांचा. ज्या यंत्रासाठी कोड बनवतो तिथे इंट १६ बिटांचा. ५०० * १०० दिसलं की तो म्हणतो, हे मीच करून टाकतो, आणि लॅपटॉपच्या इंटमध्ये गुणाकार करतो. ५०,००० येतं. इथे त्याने थांबून प्रत्येक क्रियेनंतर विचारलं पाहिजे: हे उत्तर त्या यंत्राच्या इंटमध्ये मावतं का? नसेल तर खूण करून ठेव आणि वर कळव. हिशेबनीसांच्या कंपायलरमध्ये हे विचारायचं राहिलंय. ग्लोबलची किंमत ठरवणारा भाग लॅपटॉपच्या मापाने मोजतो, फंक्शनमधला कोड बनवणारा भाग यंत्राच्या मापाने. दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या वर्षी लिहिलेलं असणार. मी हे पैजेवर सांगतो.

मोठ्या कंपायलरांना हे धडे फार किंमत मोजून मिळालेत. एलएलव्हीएम (क्लँग या कंपायलरचा पाया) मध्ये कॉन्स्टंटचा सगळा हिशेब एपीइंट नावाच्या वर्गातून होतो. प्रत्येक संख्येबरोबर तिची बिटांची रुंदी चालते, लॅपटॉपचा इंट कुठे मध्ये येतच नाही. जीसीसी या दुसऱ्या मोठ्या कंपायलरमध्ये पूर्वी यजमान मशीनच्या (ज्यावर कंपायलर चालतो त्या) पूर्णांकांवर, फार तर त्यांची जोडी करून, काम चालायचं. २०१४ मध्ये वाइड-इंट आलं आणि २०१५ च्या जीसीसी ५ पासून ते लोकांच्या हातात पडलं. शिवाय जीसीसी मध्ये कॉन्स्टंटच्या अंगावरच ट्री ओव्हरफ्लो नावाची खूण असते. किंमत गुंडाळली गेली तरी "हे मावलं नव्हतं" ही आठवण शिल्लक राहते, म्हणून वॉर्निंग देता येते. तुमच्या कंपायलरला ही आठवण ठेवायची जागाच नाहीये.

एक अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही एक छोटी हिशेबाची भाषा बनवली होती. एका ग्राहकाच्या फाइलवर कंपायलरच कोसळायचा, त्याने लिहिलेला प्रोग्राम चालायची वेळच यायची नाही. मेसेज यायचा "फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन". फाइलमध्ये दशांश चिन्ह औषधालाही नव्हतं. दोन दिवस शोधलं. कारण निघालं: सगळ्यात लहान ऋण संख्येला उणे १ ने भागायची एक ओळ. उत्तर एकने जास्त होतं, मावत नाही. इंटेलच्या प्रोसेसरवर पूर्णांक भागाकाराची सूचना अशा वेळी शून्याने भागल्यासारखाच अपवाद फेकते, आणि लिनक्स त्याला ते फसवं नाव देतं. आमचा कंपायलर हा भागाकार कॉन्स्टंट म्हणून स्वतः करायला गेला आणि मेला. बाकी काढायच्या क्रियेचंही तेच. गंमत अशी की एआरएम प्रोसेसरवर हा अपवाद येत नाही, तीच लहान संख्या परत मिळते. एकाच्या मशीनवर कोसळतो, दुसऱ्याच्या नाही, आणि बग रिपोर्ट "पुन्हा घडत नाही" म्हणून बंद.

उरलेला_बिट | बुधवार, दुपारी १:३०

कन्स्ट्रेंटचा मुद्दा मी पुन्हा वाचला. हिशेबनीस, ग्लोबलच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, माझं विधान सरसकट झालं. मागे घेतो.

पण एक सांगावंसं वाटतं. फंक्शनमधली ओळ नियमात असली तरी चांगला कंपायलर तिथेही बोलतो. जीसीसी आणि क्लँग दोघंही कॉन्स्टंटच्या गुणाकारात ओव्हरफ्लो दिसला की कुठलाही पर्याय न देता वॉर्निंग देतात, फंक्शन असो की ग्लोबल. माझ्याकडे परवाच ३ कोटी रुपयांची मर्यादा पैशांत लिहिलेली आली होती, ३ * १००००००० * १००, डावीकडे ६४ बिटांचा प्रकार. क्लँगने किंमतच छापून दाखवली: उणे १,२९,४९,६७,२९६. पैशांत हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं, ३२ बिटांत २ कोटी १४ लाखांच्या पुढे रुपये मावत नाहीत.

ठिबक_सिंचन | बुधवार, दुपारी ४:१५

नमस्कार, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाईंचं उणे ५,५३६ वाचून अंगावर काटा आला, कारण माझाही आकडा तोच.

घरच्या डाळिंबाच्या बागेसाठी आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर व्हॉल्व्ह चालू-बंद करायचा प्रोग्राम केला होता. एक मिनिट थांबायचं होतं म्हणून डिले ला ६० * १००० दिलं. उनोवर इंट १६ बिटांचा. ६०,००० चे उणे ५,५३६ झाले, आणि डिले अनसाइन्ड लाँग घेतं, म्हणून ते झालं ४,२९,४९,६१,७६० मिलिसेकंद. मी भागून पाहिलं, ४९ दिवसांच्या वर. व्हॉल्व्ह उघडा तो उघडाच. वडील सकाळी गेले तेव्हा चार ओळींत पाणी साठलेलं. जमीन भारी आहे आमची, डाळिंबाला पाणी साठलेलं चालत नाही.

वॉर्निंग का दिसली नाही ते आज कळलं. आर्डुइनोच्या एडिटरमध्ये कंपायलरच्या वॉर्निंग मुळात बंद असतात. सेटिंगमध्ये जाऊन चालू केल्या, तीच फाइल टाकली, लगेच त्या ओळीवर बोट. कंपायलरला माहीत होतं. सर, वर्गात हे कुणी सांगितलं नाही.

दूरदेशीसर, एक विचारू का? कंपायलर नेहमी आधी आतलं सोडवतो आणि मग बाहेरचं, असं आम्हाला शिकवलंय. मग जो भाग कधी चालणारच नाही त्यातला ओव्हरफ्लो पण धरायचा का?

दूरदेशी | बुधवार, संध्याकाळी ६:४०

ठिबक, हा प्रश्न विचारलास याचा मला आनंद झाला. धरायचा नाही. सी च्या स्टँडर्डमध्ये यासाठी तळटीपेत उदाहरणच दिलंय: २ || १ / ० (|| म्हणजे "किंवा"). हे वैध कॉन्स्टंट एक्स्प्रेशन आहे आणि त्याची किंमत १. डावीकडे २ म्हणजे खरं, उजवीकडे बघायची गरजच नाही, त्यामुळे तिथला शून्याने भागाकार घडतच नाही.

तू म्हणतोस तसं आतून बाहेर सोडवणारा कंपायलर इथे फसतो. तो || पर्यंत पोचायच्या आधीच १ / ० वर अडकतो. कुणी एरर देऊन वैध प्रोग्राम नाकारतो, कुणी कोसळतो. याच्या उलट चूकही होते: आतला भाग सोडवताना लागलेली ओव्हरफ्लोची खूण बाहेरच्या क्रियेत टाकून दिली जाते आणि खरोखर घडणारा ओव्हरफ्लो निसटतो. खूण ठेवायची, पण "हा भाग चालणार आहे का" हे ठरल्यावरच ती मोजायची. ऐकायला एवढंसं, पण पदावलीच्या झाडाच्या प्रत्येक फांदीवर पाळावं लागतं: &&, ||, प्रश्नचिन्हाचा ऑपरेटर, साइझऑफ च्या आतलं.

तुला प्रयोग करायचा असेल तर स्टॅटिक ॲरेच्या लांबीत लिहून बघ, तिथे किंमत कंपाइल करतानाच लागते.

निळी_शाई | बुधवार, रात्री ९:००

चर्चा छान चाललीय म्हणून भर घालते. मी टेस्टिंगमध्ये आहे.

"इतक्या वापरातल्या कंपायलरमध्ये असे बग कसे असतील" ही शंका मलाही होती, ती २०११ च्या एका शोधनिबंधाने गेली. यूटा विद्यापीठातल्या मंडळींनी सीस्मिथ नावाचं साधन केलं. ते आपणहून सी चे प्रोग्राम बनवतं, तोच प्रोग्राम वेगवेगळ्या कंपायलरवर चालवायचा आणि उत्तरं जुळतात का बघायचं. तीन वर्षांत त्यांनी ३२५ हून जास्त नवे बग कळवले. तपासलेला प्रत्येक कंपायलर कधी ना कधी कोसळला आणि प्रत्येकाने वैध प्रोग्रामचा चुकीचा कोडही बनवला.

त्यातलं एक उदाहरण पाठ झालंय. साइन्ड कॅरॅक्टर १ आणि अनसाइन्ड कॅरॅक्टर २५५, विचारायचं पहिला मोठा आहे का. दोन्ही आधी इंट होतात, १ आणि २५५, उत्तर नाही. उबुंटू ८.०४.१ बरोबर आलेला जीसीसी म्हणायचा, हो. ऑप्टिमायझेशन बंद केलं तरी हो. मूळ जीसीसी मध्ये ही चूक नव्हती, उबुंटूसाठी वरून घातलेल्या ठिगळांमुळे आली होती.

दुसरं एलएलव्हीएम चं. (क्ष == ०) || (क्ष < -३) याचं त्याने नुसतं क्ष < -३ केलं. असं करायला पहिला कॉन्स्टंट दुसऱ्यापेक्षा लहान हवा. ० हा -३ पेक्षा लहान नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. पण कंपायलरने ती तुलना अनसाइन्ड केली, आणि तिथे -३ हा प्रचंड मोठा आकडा होतो. म्हणजे कंपायलर स्वतःच्या पोटातल्या दोन कॉन्स्टंटची तुलना करताना चुकला.

अशीच एक जागा मी आमच्या नवीन मुलींना हाताने सोडवायला देते. भागाकार महाग, म्हणून "क्ष भागिले १०० कोटी बरोबर १० आहे का" हे कंपायलरला असं बदलावंसं वाटतं: क्ष हा १०० कोटी गुणिले १० पासून पुढच्या १०० कोटींच्या पट्ट्यात आहे का. पण १०० कोटी गुणिले १० म्हणजे हजार कोटी, ३२ बिटांत मावत नाही. गुंडाळून १४१,००,६५,४०८ होतात. आता क्ष म्हणून १५० कोटी घाला. खरं उत्तर: १५० कोटी भागिले १०० कोटी म्हणजे १, दहा नाही. बदललेल्या कोडचं उत्तर: आहे, पट्ट्यात बसतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने कुठेही ओव्हरफ्लो केलेला नाही! कंपायलरने बदल करताना स्वतः केला. म्हणून बदल करायच्या आधी गुणाकार मावतोय का हे तपासणं ही त्याची जबाबदारी.

आणि उरलेला_बिट यांच्या पहिल्या मुद्द्याबद्दल: सीस्मिथ प्रत्येक बेरीज-गुणाकार सुरक्षित फंक्शनात गुंडाळतं. कारण प्रोग्राममध्येच अनडिफाइन्ड काही असेल तर त्याची साक्ष कंपायलरविरुद्ध टिकत नाही. हिशेबनीस, तुम्ही रिपोर्टमधून फंक्शनची ओळ काढून टाका. फक्त ग्लोबलची एक ओळ पाठवा, म्हणजे त्यांना अनडिफाइन्डचा आडोसा घेता येणार नाही.

मांडवीकाठ | गुरुवार, सकाळी १०:२०

मी पणजीत गो आणि जावावर काम करतो, तिकडची बाजू थोडक्यात. जावात ओव्हरफ्लो नियमानेच गुंडाळला जातो, कॉन्स्टंटमध्येसुद्धा, भाषेच्या नियमाप्रमाणे एक अक्षर न बोलता. ३० दिवसांचे मिलिसेकंद, ३० * २४ * ६० * ६० * १०००, उणे १७०,२९,६७,२९६ येतात. २४ दिवस मावतात, २५ मावत नाहीत. आमच्याकडे चाचणी ७ दिवसांवर झाली होती. सी शार्प मध्ये कॉन्स्टंटचा ओव्हरफ्लो मुळातच एरर, मुद्दाम अनचेक्ड म्हटलं तरच सोडतो. रस्ट कॉन्स्टच्या हिशेबात ओव्हरफ्लो चालवून घेत नाही. गो मला सगळ्यात पटतं: प्रकार न दिलेले कॉन्स्टंट निदान २५६ बिटांत सांभाळलेच पाहिजेत असं भाषेच्या नियमातच लिहिलंय. मधला हिशेब कितीही फुगू दे, शेवटी इंटमध्ये ठेवताना मावलं नाही तर एरर. कागदावर जसा हिशेब करतो तसाच.

उरलेला_बिट | गुरुवार, सकाळी ११:००

सी++ वाल्यांसाठी: किंमत कॉन्स्टएक्स्प्र म्हणून जाहीर करा. तिथे ओव्हरफ्लो झाला तर तो कॉन्स्टंटच राहत नाही आणि कंपायलरला नाकारावंच लागतं. सी २३ आणि सी++ २० मध्ये ऋण संख्यांची मांडणी टूज कॉम्प्लिमेंट म्हणून पक्की झालीय, त्यावरून काही जण समजतात की ओव्हरफ्लोही वैध झाला. झालेला नाही.

गणिताच्या_बाई | गुरुवार, दुपारी १२:१०

दूरदेशी, भाचीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती आता नोकरी करते. म्हणाली, "मावशी, हे तेव्हा कुणी सांगायला हवं होतं." ठिबक बाळा, बागेचं नुकसान फार झालं का?

ठिबक_सिंचन | गुरुवार, दुपारी २:३०

नाही बाई, वडिलांनी लगेच चर काढून पाणी काढलं. झाडं वाचली. आता ६० च्या मागे यूएल लावलंय आणि वॉर्निंग "सर्व" वर ठेवल्यात.

हिशेबनीस | पुढच्या मंगळवारी, रात्री ८:५०

निळी_शाई ताईंनी सांगितलं तसं केलं. फंक्शन काढलं, एकाच ओळीची फाइल पाठवली, सोबत कन्स्ट्रेंटचा परिच्छेद. चौथ्या दिवशी उत्तर आलं: बग मान्य. दूरदेशी, तुमची पैज जिंकली. ग्लोबलच्या किमती काढणारा भाग खरंच वेगळा आहे आणि तो यजमान मशीनच्या इंटमध्ये मोजत होता, असं त्यांच्या इंजिनीअरने स्वतः लिहिलंय. चाचणी आवृत्ती पाठवली. त्यात ग्लोबलच्या ओळीवर वॉर्निंग येते, बाइट आता एफएफ एफएफ सी३ ५० दिसतात. फंक्शनच्या ओळीवरही वॉर्निंग येते, ती मागितली नव्हती तरी दिली, त्यांचे आभार.

मी कोडमधले सगळे गुणाकार शोधून काढले. अशा आणखी दोन जागा सापडल्या, दोन्ही आज मावतात, पण पतसंस्थेने मर्यादा पुन्हा वाढवली असती की गेल्याच. एजंटकाकांना जाऊन भेटलो, नवं यंत्र हातात दिलं, ५०० ची पावती त्यांच्यासमोर काढली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली.

जाता जाता ठिबकचा प्रयोग या नव्या आवृत्तीवर केला. स्टॅटिक ॲरेच्या लांबीत २ || १ / ० लिहिलं. एरर येतोय, शून्याने भागाकार. त्याचा वेगळा रिपोर्ट आज पाठवला.